वाट चालली, मग वाट राखली : एमा गेटवुड यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, गॅलिया काउंटीतल्या एका थडग्यावर ‘एमा आर. गेटवुड’ एवढं नाव आहे आणि त्याखाली एकच शब्द : आजी. तिकडच्या डोंगरभटक्यांना तेवढी ओळख पुरते. ‘ग्रँडमा गेटवुड’ म्हटलं की कुणाबद्दल बोलणं चाललंय हे सांगावं लागत नाही. मीही इथे त्यांना गेटवुडआजीच म्हणणार आहे.

त्यांची सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी : सदुसष्ट वर्षांची आजी, पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आणि एकटीनं सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट. गोष्ट खरी आहे आणि ऐकायलाही छान आहे. पण तेवढीच सांगून थांबलं की दोन गोष्टी हातातून निसटतात. त्या सदुसष्टाव्या वर्षीच का निघाल्या, ही पहिली. परत आल्यावर पुढची अठरा वर्षं त्यांनी काय केलं, ही दुसरी. हे प्रकरण लिहायला घेतलं ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. ज्या बाईनं वाटेच्या दुर्दशेबद्दल सगळ्या देशासमोर खडसावून तक्रार केली, तीच बाई म्हातारपणी आपल्या गावाकडची वाट स्वतःच्या हातांनी साफ करायला उतरली. साहस आणि लोकांसाठी राबणं अशा दोन वेगळ्या बाजू त्यांच्या आयुष्यात दाखवता येत नाहीत. एकातून दुसरं कसं निघालं तेच इथे पाहायचं आहे.

घर

जन्म २५ ऑक्टोबर १८८७ चा, गॅलिया काउंटीतच. पंधरा भावंडं, एका बिछान्यात चारचार पोरं. शाळा आठवीपर्यंत. १९०७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पी. सी. गेटवुड यांच्याशी लग्न झालं. नवरा आधी शाळामास्तर होता, पुढे तंबाखूची शेती करू लागला. बाईच्या वाट्याला घरकाम होतंच, शिवाय कुंपण घालण्यापासून सिमेंट कालवण्यापर्यंत शेतावरची सगळी कामं. लग्नाला काही महिने होतात न होतात तोच नवऱ्यानं हात उचलला आणि पुढची तीसहून जास्त वर्षं तो उचलतच राहिला. अकरा मुलं याच काळात झाली आणि वाढली.

मार खाऊन झाला की त्या रानात जायच्या. मुलांनी पुढे हे सांगून ठेवलं आहे. घरामागचं जंगल हीच त्यांची एकटीनं बसायची, शांत व्हायची जागा होती. मुलांनाही त्या रानात न्यायच्या, फुलंझाडं ओळखायला शिकवायच्या. कुठला पाला खाता येतो, कुठलं मूळ औषधी, याची त्यांना चांगली जाण होती. पुढे वाटेवर हीच जाण उपयोगी पडली. त्यांच्या चालण्याची तयारी शोधायची तर ती मला इथेच दिसते.

१९३७ मध्ये त्या एकदा घर सोडून कॅलिफोर्नियात माहेरच्या माणसांकडे गेल्या होत्या. पण लहान मुली मागे होत्या, त्यांच्यासाठी परत आल्या. १९३९ मधला प्रसंग वाचताना आजही अंगावर काटा येतो. भांडणात त्यांनी नवऱ्यावर पिठाची पिशवी फेकली, पोलीस आले, आणि अटक झाली ती त्यांनाच. दात पडलेले, बरगडी मोडलेली, चेहरा सुजलेला, अशा अवस्थेत त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या मिल्टन गावच्या कोठडीत रात्र काढली. गावच्या नगराध्यक्षांनी त्यांची दशा पाहिली आणि त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १९४१ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर मिळेल ते काम करत, रुग्णांची शुश्रूषा करत, त्यांनी धाकट्या मुलांना मोठं केलं.

तेव्हा ‘आधी का निघाल्या नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. शेवटचं मूल पंख फुटून घराबाहेर पडेपर्यंत त्यांना स्वतःचे दिवसच मिळाले नाहीत. उतारवयात अचानक सुचलेलं खूळ म्हणून या चालण्याकडे पाहिलं जातं, ते मला पटत नाही. चौतीस वर्षं ज्या रानात त्या आसरा शोधत होत्या, त्याच रानात आता कुणाच्या भीतीनं नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं जायचं होतं.

१९५५ मध्ये वार्ताहर कुटुंबाबद्दल विचारू लागले तेव्हा त्या स्वतःला विधवा म्हणवत. पी. सी. तेव्हा जिवंत होता. तो १९६८ मध्ये गेला. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. त्या काळात, त्या गावात, साठी ओलांडलेल्या बाईनं ‘मी घटस्फोटित आहे’ म्हटलं असतं तर पुढचे सगळे प्रश्न तिच्या संसाराबद्दलच आले असते. चालण्याबद्दल विचारायला कुणाला वेळच उरला नसता.

पहिला प्रयत्न

ॲपलाचियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेतून जाणारी पायवाट. दक्षिणेत जॉर्जियात सुरू होते, उत्तरेला मेन राज्यात कटाडिन या डोंगरावर संपते आणि मधे चौदा राज्यांतून जाते. बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये ही कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट सलग झाली. सगळी वाट एका दमात चालणारा पहिला माणूस अर्ल शेफर, साल १९४८. १९५२ मध्ये मिल्ड्रेड नॉर्मन या बाई एका सोबत्याबरोबर ही वाट चालल्या होत्या. एकटीनं, एका मोसमात, सलग अशी एकही बाई तोवर गेलेली नव्हती. पुरुषही मोजकेच होते.

दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा १९४९ चा एक जुना अंक गेटवुडआजींच्या हाती पडला. त्यात या वाटेवरचा सचित्र लेख होता. लेख वाचून असं वाटे की वाट रुंद आहे, खुणा स्पष्ट आहेत आणि दिवसभराच्या चालीनंतर मुक्कामाला निवारा तयार आहे. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला.

जुलै १९५४ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, त्या मेनकडून निघाल्या. काही दिवसांतच वाट चुकली, चष्मा फुटला, अन्न संपलं. रेनबो लेकजवळ वनरक्षकांना त्या सापडल्या. ‘तुम्ही हरवला होतात’ असं त्यांनी म्हटल्यावर, ‘हरवले नव्हते, जरा जागा चुकले होते’ असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. वनरक्षकांनी घरी जायला सांगितलं. त्या गेल्या. आणि घरी कुणाला काही बोलल्या नाहीत.

नेमकं काय चुकलं ते त्यांनी नीट ओळखलं होतं. मेनमधला तो टप्पा सगळ्यांत निर्जन आणि अवघड. सुरुवात तिथून केली की पाय तापायच्या आतच कस लागतो. पुढच्या खेपेला त्यांनी दिशा उलटी केली. थंडीत मुलाच्या घरी राहून घराभोवती चालायला सुरुवात केली आणि रोजचं अंतर वाढवत नेत दहा मैलांवर आणलं. डोंगरांवर जाणाऱ्या कुणाही नवशिक्याला आजही हेच सांगावं लागतं, आणि तो बहुतेकदा ऐकत नाही.

एकशे सेहेचाळीस दिवस

३ मे १९५५ रोजी त्या जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून निघाल्या. तेव्हा वाटेचं दक्षिण टोक तिथे होतं. मुलांना ‘जरा फिरायला जाते’ एवढंच सांगितलं होतं. अकरा मुलांची आई आणि तेवीस नातवंडांची आजी चौदा राज्यं पायी ओलांडणार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर अडवलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्या पिशवीजवळ जरा थांबू या. जाड डेनिम कापडाची, तोंडाला दोरी ओवलेली, स्वतः शिवलेली पिशवी. पाठीवर दोन पट्ट्यांनी अडकवायची नव्हे, एका खांद्यावर टाकायची. खांदा दुखला की दुसऱ्यावर. आत लष्करी ब्लँकेट, रेनकोट, न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा, टॉर्च, आयोडीन, चिकटपट्ट्या, केसांच्या पिना, व्हिक्स. गावात जावं लागलं तर अंगावर घालायला एक नीटसा झगा आणि सपाता. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, नकाशाही नाही. सगळं मिळून ओझं नऊ किलोच्या आत. पाऊस आला की प्लास्टिकचा पडदा डोक्यावर घ्यायचा, रात्री तोच अंथरायचा. खायला डब्यातले छोटे सॉसेज, मनुका, शेंगदाणे, सुपाच्या वड्या, दुधाची पावडर, आणि रानात मिळेल तो मेवा. थंडी पडली की शेकोटीत दगड तापवायचे आणि त्यावर पाठ टेकायची.

त्या काळी हौशी गिर्यारोहक याच्या दुप्पट-तिप्पट वजन वाहत. आज कमीत कमी ओझ्यानं चालणारी मंडळी गेटवुडआजींना आपल्या पंथाची आद्य मानतात. मला वाटतं त्यांनी ही काटछाट कुठल्या तत्त्वासाठी केली नव्हती. आयुष्यभर हाताशी आहे त्यात भागवायची सवय असलेल्या शेतकरी बाईनं लागेल तेवढंच घेतलं.

वाटेवर निवारे होते, पण त्यांतले अनेक पडलेले, जळालेले किंवा उंदरांनी भरलेले. मग त्या खाली वस्तीत उतरायच्या आणि दार ठोठवायच्या. कुणी ओसरीवर झोपू द्यायचं, कुणी जेवू घालायचं, कुणी दार लावून घ्यायचं. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या म्हातारीला ‘का चालतेस’ असं कुणी विचारत नाही. पाणी देतात, भाकरी देतात. गेटवुडआजींना मात्र प्रत्येक दारात स्वतःचा खुलासा द्यावा लागे. पुरुषांच्या बुटांत, मळलेल्या कपड्यांत, काठी टेकत रानातून उतरलेली बाई कोण असेल, याचं उत्तर लोकांकडे नव्हतं. जूनमध्ये व्हर्जिनियात रोआनोकच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली आणि ती देशभर पसरली. तेव्हा मुलांनाही आई कुठे आहे ते कळलं. पुढची गावं मग वाट पाहू लागली. काही ठिकाणी तर लोक खाऊ घेऊन डोंगरात सामोरे आले.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे, कारण कौतुकाच्या लेखांत ती येत नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेत परक्या दारावर थाप मारण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. त्याच वर्षी २८ ऑगस्टला मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. गेटवुडआजी गोऱ्या होत्या आणि म्हाताऱ्या होत्या, म्हणून त्यांच्यापुढे दार किमान किलकिलं तरी व्हायचं. त्यांच्या धैर्याची किंमत यानं कमी होत नाही. पण ‘कुणीही मनात आणलं तर जाऊ शकतं’ असा धडा जे या गोष्टीतून काढतात, ते हे विसरतात.

ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायेन ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली. ईशान्येकडच्या राज्यांत भयंकर पूर आला, शेकडो माणसं गेली. त्याच दिवसांत आजी उत्तरेकडे सरकत होत्या. व्हर्माँटमधल्या क्लॅरेंडनच्या घळीपाशी पूल वाहून गेलेला होता आणि खाली पाणी उसळत होतं. एकटीनं ते ओलांडणं शक्य नव्हतं हे ओळखून त्या काठावर थांबून राहिल्या. नुकतेच नौदलातून सुटलेले दोन तरुण मागून येत होते. तिघांनी एकाच दोरानं स्वतःला बांधून घेतलं, आजी मधे, आणि ते पाणी पार केलं. ‘एकटीनं केलेली चाल’ म्हणताना मला हा दोर नेहमी आठवतो. मदत कुठे घ्यायची हे त्यांना कळत होतं, आणि मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. साहसी माणसांमध्ये हा गुण मी फार कमी पाहिला आहे.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या कटाडिनच्या माथ्यावर पोचल्या. एकशे सेहेचाळीस दिवस, २,०५० मैल. सरासरी काढली तर रोजचे साडेबावीस किलोमीटर. त्या उंचीवर एकटीच्या आवाजात त्या एक देशभक्तिपर गीत गायल्या.

तक्रार

‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ हे साप्ताहिक तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. त्याच्या वार्ताहर मेरी स्नो यांनी शेवटच्या टप्प्यात आजींचा माग काढला आणि चाल संपल्यावर मुलाखत घेतली. मुलाखतीत आजींनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. मासिकात वाचून मजेची सहल वाटली होती, तशी ती मुळीच नव्हती, असं त्या म्हणाल्या. आडवी पडलेली झाडं, वणव्यात जळून गेल्यावर पुन्हा न रंगवलेल्या खुणा, धुपून गेलेले उतार, मानेपर्यंत वाढलेलं झुडूप, आणि झोपण्यापेक्षा उघड्यावर पडावं असे घाणेरडे निवारे. ही वाट नव्हे, दुःस्वप्न आहे, इतकं त्या स्वच्छ बोलल्या. इतकं कठीण आहे हे ठाऊक असतं तर निघालेच नसते, पण एकदा निघाल्यावर सोडणं मला जमणारं नव्हतं, असंही.

त्यांच्या आयुष्यातला कळीचा क्षण निवडायचा तर मी शिखर निवडणार नाही, ही मुलाखत निवडेन. ही वाट सरकारनं बांधून दिलेली नव्हती. ठिकठिकाणच्या क्लबांतले स्वयंसेवक आपापला तुकडा सांभाळायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बरीच माणसं निघून गेली होती, तुकडे रान खाऊन टाकत होतं, आणि कुणी पूर्ण वाट चालतच नसल्यामुळे सगळीकडची स्थिती एकत्र पाहिलेला साक्षीदारही नव्हता. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पाहून आलेली बाई आता नाव-गाव सांगून बोलत होती, आणि लाखो वाचक ते वाचत होते. त्यानंतर वाटेच्या देखभालीकडे लक्ष वळायला त्यांच्या बोलण्याचा मोठा हात होता, असं ट्रेलचा इतिहास सांगणारे मानतात.

तक्रार करून त्या घरी बसल्या असत्या तरी चाललं असतं. १९५७ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि तीच वाट पुन्हा पूर्ण चालल्या. असं दोनदा करणारं तोवर कुणीच नव्हतं. १९६४ मध्ये तुकड्या-तुकड्यांनी तिसरी खेप पूर्ण केली. मधे १९५९ मध्ये, ओरेगॉन राज्याच्या शताब्दीच्या वर्षी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनमधल्या पोर्टलंडपर्यंत जुन्या वसाहतकारांच्या मार्गानं सुमारे दोन हजार मैल चालल्या. ४ मे ते ७ ऑगस्ट, पंचाण्णव दिवस. वय एकाहत्तर. हा प्रवास मी एवढ्यावरच सोडतो. सडकेच्या कडेनं, रणरणत्या उन्हात, बघ्यांच्या गर्दीतून केलेली ती चाल होती, आणि त्यांना स्वतःलाही डोंगरांतली वाटच जास्त प्रिय असणार असं मला वाटतं.

गावाकडची वाट

१९५८ मध्ये मेरिल गिलफिलन या लेखकानं ओहायोची राजधानी कोलंबस इथल्या वर्तमानपत्रात कल्पना मांडली : ओहायो राज्याला स्वतःची लांब पायवाट हवी. पुढच्या वर्षी त्यासाठी बकाय ट्रेल असोसिएशन उभी राहिली. गेटवुडआजी पहिल्यापासून त्या कामात होत्या. १९ सप्टेंबर १९५९ रोजी हॉकिंग काउंटीत पहिले वीस मैल खुले झाले तेव्हा त्या तिथे चालायला हजर होत्या. पोर्टलंडला पोचून त्यांना सहा आठवडेच झाले होते. आज ही वाट राज्याला वळसा घालणारी सुमारे २,३०० किलोमीटरची झाली आहे.

वाट ‘राखणं’ म्हणजे काय, हे चालणाऱ्यांना सहसा दिसत नाही. झाडाच्या खोडावर दोन इंच रुंद, सहा इंच उंच असा रंगाचा पट्टा मारायचा. ॲपलाचियन ट्रेलवर पांढरा, बकायवर निळा. एका पट्ट्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे, आणि वळण असेल तर एकावर एक दोन पट्टे. साल पुसून-खरवडून घेतल्याशिवाय रंग टिकत नाही. दर उन्हाळ्यात झुडूप कापायचं, पडलेली झाडं बाजूला करायची, पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून आडवे ओंडके किंवा दगड बसवायचे, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाटेची नाली होते. ओहायोत आणखी एक अडचण : बरीच जमीन खासगी. शेतकऱ्यानं परवानगी दिली तर वाट, जमीन विकली गेली की परवानगी गेली, मग वाट वळवा आणि पट्टे पुन्हा मारा.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे लगेच कळेल. पावसाळ्यानंतर कारवी आणि गवत माजलं की मळलेली वाटही बुजते, आणि कुणीतरी कधीतरी दगडावर रंगवलेला बाण एवढाच आधार उरतो. तो बाण कुणी काढला हे आपण विचारत नाही. चुकीचा निघाला तर मात्र शिव्या घालतो.

गेटवुडआजींनी आपल्या काउंटीत, गॅलियात, सुमारे तीस मैलांचा तुकडा बकाय ट्रेलला जोडण्यासाठी साफ केला आणि खुणा मारल्या. हे काम त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतलं, म्हणजे ऐंशीच्या आसपासचं. दिवसचे दिवस त्या त्यावर घालवायच्या. ज्या काउंटीत तीस वर्षं मार खाल्ला, ज्या रानात त्या तोंड लपवून बसत, तिथेच आता लोकांनी निर्धास्त चालावं म्हणून त्या झाडांवर पट्टे मारत होत्या. याबद्दल त्यांनी स्वतः काही मोठं बोलून ठेवलेलं नाही. पण या प्रकरणात मला सर्वांत भिडते ती ही जागा. टीव्हीवरच्या मुलाखती, वर्तमानपत्रांतली छायाचित्रं, अमेरिकेच्या संसदेत झालेला उल्लेख, हे सगळं त्यांना मिळून गेलं होतं. नव्या कौतुकासाठी या तीस मैलांची गरज नव्हती आणि तिथे कुणी कॅमेरा घेऊन येणारही नव्हतं.

आठवण कशी ठेवायची

२०१२ मध्ये ॲपलाचियन ट्रेलच्या सन्मान-यादीत त्यांचं नाव गेलं. योग्यच झालं. पण त्या यादीत आणि बहुतेक लेखांत भर असतो तो पहिलेपणावर : पहिली बाई, दोनदा चालणारी पहिली व्यक्ती, तीनदा चालणारी पहिली व्यक्ती. असे विक्रम पुढे मोडतात, नाहीतर जुने होतात. त्यांच्यामागून आलेल्या बायकांना त्यांनी दिलं ते वेगळं आहे. वय झालेल्या, मुलं वाढवून झालेल्या, पैसा नसलेल्या बाईला ‘मीही जाऊ शकते’ असं वाटायला एक खरंखुरं माणूस समोर मिळालं.

मारहाणीची हकिगत बाहेर आली ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, मुलांनी सांगायचं ठरवलं तेव्हा. कुटुंबातल्या मृत व्यक्तीबद्दल असं बोलणं कुठल्याच समाजात सोपं नसतं. ‘आता कशाला ते उकरायचं’ म्हणणारे असतातच. आपल्याकडच्या शोकसभांत तर हमखास असतात. पण आईचं नाव घेऊन डोंगरात येणाऱ्या बायकांमध्ये घरी मार खाणाऱ्या बायकाही असणार. त्यांना हसऱ्या आजीची गोष्ट देऊन कोठडीतल्या रात्रीची लपवली असती, तर ज्यांना ती सर्वांत गरजेची त्यांच्याच हाती अर्धी गोष्ट पडली असती. मुलांनी ती पूर्ण दिली, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओहायोतल्या हॉकिंग हिल्समध्ये जानेवारीत एक हिवाळी पदयात्रा निघते. सुरुवातीची वर्षं तिच्या अग्रभागी गेटवुडआजी असत, डोक्याला लाल टोपी. शेवटची खेप त्यांच्या मृत्यूच्या आधी काही महिने, १९७३ च्या जानेवारीत. वाट सहा मैलांची : ओल्ड मॅन्स केव्हपासून सीडर फॉल्सवरून ॲश केव्हपर्यंत. वालुकाश्माच्या उंच कडांखालून, हेमलॉकच्या झाडांतून जाणारी. ॲश केव्ह ही गुहा कसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातशे फूट लांब खडकाचं छप्परच आहे ते. या तुकड्याला आता त्यांचंच नाव आहे. जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी हजारो लोक तिथे येतात, त्यांत आजोबा-आजींचा हात धरून आलेली पोरंही असतात. धबधबे गोठलेले असतात, दगडी पायऱ्या निसरड्या असतात. ही पदयात्रा आता सुमारे साठ वर्षांची झाली आहे, आणि बकाय ट्रेलवरचे निळे पट्टे अजूनही स्वयंसेवकच रंगवतात.